परत न गेलेले डबे

आमच्या घरात रिकामं भांडं परत द्यायची पद्धत नाही. शेजारून वाटीभर खीर आली तर वाटी घासून, पुसून, तिच्यात काहीतरी घालूनच परत जाते. काहीच नसेल तर चमचाभर साखर. आई होती तेव्हा एकदा साखरही संपलेली होती, तर तिनं कुंडीतली तुळशीची चार पानं घालून वाटी पाठवली होती. पुण्यात कर्वेनगरमधली आमची सोसायटी जुनी आहे. चार मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्यातून वाट्या-डब्यांची अखंड ये-जा. भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे चुकामूक होत नाही. आमच्या मांडणीवर अजूनही एका अनोळखी मुलाच्या मुंजीची तारीख असलेलं पातेलं आहे. ते कुठून आलं हे आता कुणालाच आठवत नाही, आणि बाबांना त्याचा अजून त्रास होतो.

लहानपणी मला वाटायचं, ही सगळी प्रेमाची देवाणघेवाण. मोठेपणी लक्षात आलं की त्यात हिशेबही आहे, आणि तो चांगला कडक आहे. वाटीत साखर घालायची ती समोरच्याला गोड खायला मिळावं म्हणून नव्हे. आपल्या अंगावर काही राहू नये म्हणून. मध्यमवर्गीय मराठी घरांत ‘आम्ही कुणाचे मिंधे नाही’ हे वाक्य ज्या ताठ मानेनं बोललं जातं, त्या मानेनं दुसरं कुठलंच बोलत नसावेत. माझे बाबा जिल्हा बँकेत हिशेबनीस होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, पण एका अटीवर: विजेचं बिल ते भरणार. लेकीच्या घरी फुकट राहायचं नाही. दर महिन्याला बिल आलं की ते मोजून पैसे टेबलावर ठेवतात आणि मी मुकाट्यानं उचलते. नाही उचलले तर रात्री जेवत नाहीत.

हे एवढं सांगायचं कारण, करोनाच्या काळातल्या चांगुलपणाबद्दल खूप लिहिलं गेलं आणि त्यातलं जवळजवळ सगळं देणाऱ्यांबद्दल होतं. कुणी किती जेवणं वाटली, कुणी किती किट भरले. ते खरंच होतं आणि मोठंही होतं. पण त्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरात जे घडलं ते दुसऱ्या बाजूचं होतं. आम्हाला घ्यावं लागलं.

२०२० च्या होळीच्या रात्री, ९ मार्चला, राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडल्याची बातमी आली. मग एकेक बंद होत गेलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला सगळी सोसायटी बाल्कनीत. बाबांनी ताट वाजवायला साफ नकार दिला. ‘जेवायचं ताट वाजवू नये,’ म्हणाले आणि देवघरातली घंटा घेऊन उभे राहिले. २५ मार्चला पाडवा, आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन. साखरेच्या गाठी कुठेच मिळाल्या नाहीत, म्हणून गुढीला खडीसाखरेची पुरचुंडी बांधली. नवरा नोकरीनिमित्त मस्कतला, विमानं बंद. मुलगी बंगळुरूला. घरात मी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. एप्रिलमध्ये शहराच्या मध्यवर्ती पेठा पत्रे आणि बांबू ठोकून बंद झाल्या. आमच्याकडे पत्रे नव्हते, पण जिन्यातली वाट्यांची वाहतूक त्याआधीच थांबली होती. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात, नोटा उन्हात. अशा दिवसांत दुसऱ्याच्या घरची वाटी आत कोण घेणार?

मोबाइलवर रोज सकाळी ‘सकारात्मक राहा’ असे संदेश यायचे, सूर्योदयाच्या चित्रासकट. मला त्यांचा मनापासून राग यायचा. सकारात्मक राहायला काहीतरी हाताशी लागतं. नुसत्या सूर्योदयावर माणूस किती तगणार?

पहिले काही महिने आम्ही देणाऱ्यांत होतो. सोसायटीनं वर्गणी काढली. पलीकडच्या बांधकामावरचे मजूर अडकून पडले होते. त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहा, साबण अशा पिशव्या भरल्या. बाबांनी खुर्चीवर बसून यादी केली. कोणत्या पत्र्याच्या खोलीत किती माणसं, त्यात मुलं किती. शिवभोजन थाळी त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला दहा रुपयांत सुरू झाली होती, मार्चअखेरीला सरकारनं ती पाच रुपयांवर आणली. आमच्या जवळच्या केंद्रावर रांगेत हातभर अंतरानं चुन्याचे गोल काढलेले असायचे. पाच रुपये का, फुकटच का नाही, असं मी बाबांना विचारलं. ‘पाच रुपये दिले की माणूस जेवायला बसतो, वाढून घ्यायला नाही,’ ते म्हणाले. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये ती थाळी काही काळ मोफतही झाली. पण बाबांचं त्या दिवशीचं उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पिशव्या वाटायच्या दिवशी आमच्यातल्या उत्साही मंडळींनी फोटो काढले. देणारा मध्ये, घेणारे दोन बाजूंना, मास्क हनुवटीवर. एका बाईनं नेमक्या क्षणी पिशवी उचलून तोंडासमोर धरली. फोटोत ती पिशवीच दिसते, दोन हात आणि खाली हिरव्या साडीचे काठ. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘हिनं फोटो बिघडवला.’ मला तर त्या फोटोत तेवढीच एक गोष्ट धड दिसत होती. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि फोन मला परत दिला. त्यानंतर यादी करायला ते बसले, पण वाटपाच्या वेळी खाली आले नाहीत.

८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेनं निघाले होते, चालून थकून रुळांवरच झोपले. बातमीतल्या फोटोत रुळांमध्ये पोळ्या पसरलेल्या होत्या. त्या काळातल्या चांगुलपणाच्या गोष्टी मीही सांगते आहे, पण तो फोटो बाजूला सारून सांगता येत नाहीत. जे मिळालं ते अनेकांना मिळालं नाही.

जूनमध्ये यवतच्या आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण. यवत पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे आणि तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. त्या रात्री अख्खं गाव मिळून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतं. घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी निघतात, पिठलं मोठाल्या कढयांत शिजतं. आत्याच्या घरी आधीच्या आठवडाभर जात्यावर, म्हणजे आता गिरणीत, दळणाची गडबड असते. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली. आत्या फोनवर चिडलेली होती. सरकारवर नाही, रोगावरही नाही, नेमकी कुणावर ते तिलाच सांगता येईना. ‘दादा, वारकरी नाही आले तर आम्ही कसले यवतकर?’ ती म्हणाली. पीठ दळून ठेवलं होतं, ते उरलं. बाबा तिला समजावत राहिले की पुढच्या वर्षी होईल. ती म्हणाली, ‘तुला नाही कळायचं, तू बँकेतला.’

आत्याचं वाक्य मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये कळायला लागलं.

सप्टेंबर २०२० मध्ये पुणे जिल्हा रुग्णसंख्येत देशात सर्वांत पुढे होता. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह आलो. आधी मी, मग बाबा. ताप, अंगदुखी, आणि मला हिंगाची फोडणी नाकाखाली धरली तरी वास येईना. दोघांचंही सौम्य होतं, म्हणून घरीच. सोसायटीच्या सूचनाफलकावर आमच्या फ्लॅटचा नंबर लागला, ग्रुपवरही आला. नाव नव्हतं घातलं, एवढी मर्यादा पाळली. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब आमच्या दारावरून श्वास रोखून पळत वर जायचं. खालच्या जिन्यात पावलं संथ, आमच्या दारापाशी धडधड, मग वर गेल्यावर पुन्हा संथ आणि एक मोठा उसासा. बाबांना त्याचं हसू यायचं. मला नाही यायचं. मार्चमध्ये डॉक्टर-नर्ससाठी थाळ्या वाजवणाऱ्यांनीच पुढे कित्येक नर्सना भाड्याच्या खोल्या सोडायला लावल्या होत्या. आमच्या वाट्याला आलं ते त्या मानानं काहीच नाही. तरी ती पावलं मला अजून ओळखू येतात.

दाराबाहेर एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर कुणी नाही, स्टुलावर डबा. मऊ भात, मेतकूट, वर तुपाचा गोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं कढण. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या बिहारी जोडप्याकडून खिचडी आणि बटाट्याचा चोखा. ते दोघे आयटीतले, दोन वर्षं इथे राहत होते आणि तोवर आमचं त्यांच्याशी ‘नमस्ते’पलीकडे बोलणं नव्हतं. कुणी मेसेज टाकायचं, ‘उद्या आमचा नंबर.’ मला न विचारता माझ्यासाठी पाळीचा तक्ता लागला होता. मी ग्रुपवर लिहिलं की आम्हाला जमतंय, कृपया तसदी घेऊ नका. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर आलं: ‘भोपळ्याची भाजी चालते का तेवढं सांग.’

आणि हे सगळं यायचं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून. मराठी घरांत श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे कधी फेकले जात नाहीत हे बरंच आहे. त्या महिन्यात कपाटांच्या वरच्या खणांतले सगळे बाहेर आले असणार. ‘डबा परत नको हं,’ प्रत्येकाचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरातून बाहेर काहीच जाऊ शकत नव्हतं. आमचा कचरासुद्धा वेगळ्या पिशवीत जायचा. ओट्यावर धुतलेल्या डब्यांची उतरंड वाढत गेली आणि तिच्याकडे बघून बाबा अस्वस्थ होत गेले. तापापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

मग त्यांनी वही काढली. बँकेची जुनी सवय: डावीकडे जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे दिलेलं. जमेच्या बाजूला थरथरत्या पण सुबक अक्षरात एकेक नोंद. ‘पहिला मजला: मऊ भात, मेतकूट, तूप.’ ‘तिसरा मजला: खिचडी, भर्ता (बटाट्याचा).’ ‘तळमजला: लिंबाचं गोड लोणचं, बाटली एक.’ उजवीकडचा रकाना कोरा. आयुष्यभर दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी न जाणारा माणूस, त्याला त्या कोऱ्या रकान्याकडे बघवत नव्हतं. एका रात्री खोकत बाहेर आले आणि म्हणाले, ‘हे कसं फेडायचं गं?’ मी म्हटलं, झोपा. दुसरं काय म्हणणार.

चौथ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. त्याची मोटारसायकल बाबांच्या स्कूटरच्या जागेत लागते यावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. सोसायटीत एकच ऑक्सिमीटर होता, त्याच्या आईचा. तो मुलगा स्पिरिटनं पुसून, पिशवीत घालून सकाळ-संध्याकाळ आमच्या स्टुलावर ठेवायचा, जिन्याच्या कठड्यापाशी थांबायचा आणि ओरडायचा, ‘आजोबा, आकडा?’ आतून बाबा: ‘पंच्याण्णव!’ ‘परत लावा, बोट गार असेल, चोळून लावा.’ मग ‘सत्त्याण्णव!’ आणि जिन्यातून ‘झकास!’ चार-सहा दिवसांनी बाबा आकडा सांगायच्या आधी पाठ ताठ करून बसायला लागले. आजारपणातला तेवढा एक भाग त्यांना आवडायला लागला असावा. वहीत मात्र त्यांना ही नोंद कशी करावी कळेना. शेवटी लिहिलं: ‘चौथा मजला: चौकशी.’ मग ‘दोन वेळा’ असं पुढे जोडलं.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड डबा वेगळाच होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मार्चपासून सोसायटीनं आत सोडलं नव्हतं. आम्ही पगार चालू ठेवला होता आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःवर खूशही होते. सगळ्यांनी ठेवला नव्हता. मावशींचा नवरा रिक्षावाला, रिक्षा उभी. नदीच्या अंगाला त्यांची वस्ती, एका खोलीत पाच माणसं, संडास सार्वजनिक. ‘दोन मीटर अंतर ठेवा’ हे वाक्य तिथे कुणी कुणाला म्हणणार? धारावीसारख्या अडीच चौरस किलोमीटरात लाखो माणसं राहतात, तिथेही प्रश्न हाच होता, आणि महापालिकेच्या माणसांना दारोदार फिरून एकेक आजारी माणूस आधी शोधावा लागला, कारण अंतर नावाची वस्तूच तिथे नव्हती.

तर त्या वस्तीतून मावशींचा मुलगा सायकलवर आला आणि वॉचमनकडे डबा देऊन गेला. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि चिंच-गुळाची आमटी वेगळ्या डब्यात घट्ट झाकणाची. स्टीलचे डबे. नाव कोरलेले. सगळ्या सोसायटीनं टाकाऊ डब्यांतून दिलं आणि ज्यांच्याकडे मोजकी भांडी त्यांनी स्टीलचे पाठवले. मी फोन केला. ‘मावशी, अहो डबे कसे परत करू?’ तर म्हणाल्या, ‘राहू द्या की तिकडंच. मी येणार नाही का परत?’

मी फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. पहिल्या मजल्याकडून भात घेताना संकोच होता, पण तो बरोबरीचा होता. उद्या तेही आजारी पडतील, मी देईन. मावशींकडून घेताना मला जे वाटलं त्यात लाज होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. मी त्यांना द्यायचं आणि त्यांनी घ्यायचं हे इतकं पक्कं बसलेलं होतं की ते उलटं झाल्यावर मला उभं कसं राहायचं कळेना. पहिला विचार काय आला? पगारात पाचशे जास्त घालावेत. बाबांना बोलले तर ते जवळजवळ ओरडलेच. ‘भाकरीचे पैसे देतेस? मग ती खानावळ झाली.’ हाच माणूस आदल्या रात्री कसं फेडायचं म्हणून झोपला नव्हता. भाकरी त्यांनी चटणीशी खाल्ली, कच्च्या कांद्याबरोबर. मला चव येत नव्हती, पण चटणीचा तिखटपणा जिभेला लागला. बऱ्याच दिवसांत लागलेली पहिली गोष्ट.

बरे झालो. मग फेडण्याची घाई सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये एका ओळखीच्या मुलाचा फोन आला, प्लाझ्मा द्याल का? बरे झालेल्यांचा प्लाझ्मा तेव्हा सगळीकडे मागत होते. लालबागच्या राजाच्या मंडळानंसुद्धा त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला होता. मी आनंदानं हो म्हटलं. तर कळलं की बाळंतपण झालेल्या बायकांचा प्लाझ्मा घेत नाहीत. बाबांचं वय बसत नव्हतं. पुढल्या वर्षी मे महिन्यात तर प्लाझ्मा उपचारच सरकारी मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. तो रस्ता असा संपला.

दिवाळीला बाबांनी वहीतली यादी माझ्यापुढे ठेवली. प्रत्येकाला फराळ. चकली, शेव, बेसनाचे लाडू, सगळं भरून. गंमत अशी की लोक घ्यायला कचरले. आम्ही बरे होऊन दोन महिने होत आले होते, तरी एका घरात आमची पिशवी तीन दिवस बाल्कनीत ‘क्वारंटाइन’ झाली. समोरच्या इमारतीतून ती दिसत होती. दुसरीकडून निरोप आला, ‘अहो, कशाला एवढं, आम्ही काय फेडून घ्यायला दिलं होतं का?’ बाबा दुखावले. घेणं अवघड हे त्यांनी महिनाभर सोसलं होतं. आता लोकांना त्यांच्याकडून घेणं नको होतं. आत्याचं वारकऱ्यांबद्दलचं बोलणं मी त्यांना आठवून दिलं नाही, पण मला आठवलं.

एप्रिल २०२१ ची लाट वेगळी होती. तिच्याबद्दल विनोदानं काही लिहिता येत नाही. आत्याच्या मुलाला, माझ्या आतेभावाला, ऑक्सिजन लागला. बेड नाहीत. मी रात्रभर फोन करत होते. कुणीतरी पाठवलेल्या यादीतले नंबर, त्यातले निम्मे बंद, काही उचलून ‘ताई, आमचाच माणूस शोधतोय’ म्हणणारे. पहाटे एका नंबरवरून एका मुलीचा फोन आला. आवाजावरून कॉलेजातली वाटली, बोली मराठवाड्याची. ‘काकू, तुमचा नंबर ग्रुपवर आला. दौंडकडं एक बेड रिकामा झालाय, मी आत्ता स्वतः बोललेय, पण अर्ध्या तासात पोचा.’ रिकामा झालाय म्हणजे काय झालं असेल, हा विचार दोघींनीही बोलून दाखवला नाही. भाऊ पोचला. वाचला. दुपारी मी तिला लांबलचक आभार लिहून पाठवले. उत्तर आलं: ‘ओके काकू. अजून कुणाला लागलं तर सांगा.’ बस. तिचं नाव मला माहीत नाही. फोनमध्ये ती ‘ऑक्सिजन’ म्हणून आहे.

बाबांनी विचारलं, ‘हिला वहीत कसं लिहायचं?’

त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. शेजाऱ्यांची खाती निदान कधीतरी मिटतील अशी होती. या मुलीचं खातं उघडायलाच नाव नव्हतं. मी त्यांना अकोल्याची बातमी दाखवली होती. कच्छी मेमन या मुस्लिम जमातीचे कार्यकर्ते तिथे करोनानं गेलेल्यांचे अंत्यसंस्कार करत होते, हिंदूंचेही, त्यांच्या रीतीनं, कारण घरची माणसं एकतर स्वतः आजारी होती किंवा जवळ यायला धजत नव्हती. चितेवरचा माणूस काय फेडणार? आणि त्याच्या घरच्यांनी तरी कुठल्या वाटीत काय घालून पाठवायचं? बाबांनी बातमी दोनदा वाचली.

पुण्यातल्या माणसाला साथ म्हटलं की प्लेग आठवतो, म्हणजे ऐकलेला. मार्च २०२० मध्ये राज्यानं लागू केलेला साथरोग कायदाही १८९७ चाच, प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी मुंढव्याजवळच्या वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा स्मृतिदिन होता. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, आणि नेहमी त्यांच्या बाजूनं ऐकतो. ते बरोबरच आहे. पण आजारातून उठल्यावर माझ्या डोक्यात तो मुलगाच यायचा. त्याचं नाव पांडुरंग. तो वाचला असं सांगतात. आपल्याला पाठीवर घेणारी बाई त्यामुळे गेली, हे घेऊन तो मोठा झाला असेल तर कसा झाला असेल? जातीनं ज्याला लांब ठेवलेलं होतं, त्या मुलाला तिनं स्पर्श करून उचललं होतं, तेही साथीत. त्याच्या वहीचा उजवा रकाना कसा भरायचा?

बाबांना हे बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘त्यानं वही ठेवली नसेल. जगला असेल.’ मग थोड्या वेळानं, ‘जगला तेच.’

त्या पावसाळ्यात मावशींना डेंग्यू झाला. करोना नाही, डेंग्यू, पण वस्तीत लोक तेव्हा कुठल्याही तापाला घाबरत होते. मुलाचा फोन आला की आई चार दिवस कामाला येणार नाही. मी डबा केला. मुगाची खिचडी, कढी, पापड भाजून. त्यांचेच स्टीलचे डबे, जे त्यांनी कामावर रुजू झाल्यावरही नेले नव्हते. ‘असू द्या, लागतील,’ म्हणायच्या. पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. इतकी वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या आणि मला त्यांची गल्ली विचारत जावं लागलं. बोळात तीन जणांनी अडवून विचारलं, कुणाकडे, आणि सांगितल्यावर तिघंही दारापर्यंत पोचवायला आले.

मावशी कॉटवर पडून होत्या. डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, ‘एवढी? मी दोन घास खाणार.’ लगेच भिंतीवर थाप मारून पलीकडच्या बाईला हाक मारली. ती आली, तिच्या मागून तिची दोन पोरं. माझी खिचडी माझ्यासमोर तीन ताटल्यांत वाटली गेली, कढी एका पातेल्यात पलीकडे गेली. मला कुणी विचारलं नाही. मला वाटलं होतं, मी जाईन, डबा ठेवीन, तब्येतीची चौकशी करीन आणि एका खात्यावर रेघ मारून परत येईन. त्या शेजारणीनं स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. भरपूर दूध, भरपूर साखर, आलं. मी बाहेर कुठे चहा घेत नाही, पण त्या दिवशी घेतला, आणि दुसरा अर्धा कपही घेतला कारण तिनं विचारलंच नाही, ओतलाच.

घरी आले तर बाबा वाट बघत होते. वही पुढ्यात. ‘लिहिलं,’ म्हणाले. ‘नावे बाजूला. खिचडी, कढी, पापड.’ त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ वर्षभरानं समाधान होतं. एका खात्यात तरी दोन्ही बाजूंना काहीतरी झालं होतं. मी चपला काढत म्हटलं, ‘चहा प्यायले तिकडे. दीड कप. शेजारणीनं केला.’

त्यांनी चष्मा वर केला. ‘कुठल्या शेजारणीनं?’

‘नाव नाही विचारलं. खिचडी तिच्याही पोरांनी खाल्ली.’

‘म्हणजे खिचडी तिच्याही नावे. आणि चहा तिच्याकडून जमा.’ पेन हातात, पण टेकवेनात. ‘पण दूध कुणाचं होतं? बाईंच्या घरातलं की हिच्या?’

मी म्हटलं, ‘बाबा, मला काय माहीत.’

‘मग लिहू कुठे?’

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.